मागची डायरी काही पोचली नव्हती

एका बाईंचा मेसेज आला. पुन्हा एक डायरी हवीय, तशीच, निळ्या कापडी पुठ्ठ्याची, आतली पानं कोरी, आणि जमलं तर या वेळी दुसऱ्या कुरियरने पाठवा, मागची काही पोचली नव्हती. बस्स, एवढंच, आणि शेवटी एक हसरा चेहरा. मी "हो हो, नक्की" टाइप करायला घेतलं आणि मधेच थांबले. मागची पोचली नव्हती म्हणजे? जुनी ऑर्डर शोधली, ट्रॅकिंग उघडलं, तर तिथे सगळं हिरवंगार, डिलिव्हर्ड, तारीख आहे, वेळही आहे, भर दुपारची. विचारलं, अहो मग तेव्हाच का नाही कळवलंत? तर म्हणाल्या, "ट्रॅकिंगवर पोचलं असं दिसत होतं ना ताई, मग तुम्हाला काय सांगणार? तुम्हाला वाटलं असतं खोटं बोलतेय. आणि तुमची तरी काय चूक त्यात."

यावर काय उत्तर द्यायचं ते मला बराच वेळ सुचेना.

कारण डायऱ्या शिवून ऑनलाइन विकायला लागल्यापासून "पार्सल मिळालं नाही" या तक्रारीशी माझी जी काही ओळख आहे ती सगळी उलट बाजूने झालेली. म्हणजे आवाज चढवून आलेली. रात्री झोपताना फोन चाळावा आणि तिथे सगळी उद्गारचिन्हं, पैसे परत करा नाहीतर रिव्ह्यू टाकते, नाहीतर बँकेत तक्रार करतो, असं काहीतरी. पोटात गोळा येतोच, कितीही वर्षं झाली तरी येतो. आणि गंमत म्हणजे त्या क्षणी डायरी कुठे गेली असेल हा विचार दुसरा येतो, पहिला विचार येतो हा माणूस खरं बोलतोय का. याचं मला अजूनही वाईट वाटतं, पण तो येतो. छोटं दुकान चालवणाऱ्या ज्या ज्या बायाबापड्यांशी माझं बोलणं होतं त्या सगळ्यांचं हेच, कुणी कबूल करतं, कुणी करत नाही.

मग आपण काय करतो, तर ट्रॅकिंग उघडतो, जसं काही तिथे उत्तर लिहून ठेवलंय. लेबल बनलं, पार्सल स्वीकारलं, अमुक हबला आलं, तमुक हबहून निघालं, डिलिव्हरीसाठी बाहेर पडलं, डिलिव्हर्ड. ओळीत लावलेल्या या तारखा फार ठाम वाटतात. पण स्कॅन म्हणजे काय, तर कुणीतरी हातातल्या मशीनने आपल्या लेबलवरचा बारकोड टिपला आणि एक बटण दाबलं. पार्सल तेव्हा दारात होतं का गाडीत होतं, हे त्या ओळीवरून कळत नाही. गाडीत ढीगभर पार्सलं, वेळेचं टार्गेट डोक्यावर, मग काही जण आधीच डिलिव्हर्ड मारून टाकतात आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी नेऊन देतात. म्हणून आम्ही सगळे पहिलं वाक्य "कृपया एक-दोन दिवस वाट पाहा" असं लिहितो. गिऱ्हाइकाला ती टोलवाटोलवी वाटते, मला माहितीये, पण खरंच बरीच पार्सलं त्या एक-दोन दिवसांत उगवतात. शेजाऱ्यांनी घेतलेली असतात. मीटरच्या पेटीत, जिन्याखाली, चपलांच्या कपाटामागे सापडतात. घरातल्याच कुणीतरी घेऊन टेबलाच्या खणात टाकलेली असतात आणि सांगायचं राहून गेलेलं असतं. काही कुरियर फोटो काढतात हल्ली, दारासमोर ठेवलेल्या पार्सलचा, तो मागवून घेतला की एक दार दिसतं, पायपुसणं दिसतं, कुणाचा तरी बूट दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं हे माझं दार नाही. आता काय करायचं! बऱ्याचदा स्कॅन कुठे झाला त्याचं जीपीएस ठिकाणही कुरियरकडे नोंदलेलं असतं, पण ते आपल्याला ट्रॅकिंगच्या पानावर दिसत नाही, तक्रार नोंदवून, पाठपुरावा करून विचारावं लागतं, आणि विचारलं तर कधी कधी कळतं की बारकोड दोन गल्ल्या पलीकडे टिपला गेला होता.

आणि पत्ता. पत्ता आधी बघायचा, सगळ्याच्या आधी. लोक घर बदलतात, अकाउंटमधला सेव्ह केलेला पत्ता बदलत नाहीत, आणि ब्राउझर आपला इमानेइतबारे जुनाच भरून देतो. अशा वेळी पार्सल अगदी बरोबर पोचलेलं असतं, फक्त जिथे ते आता राहत नाहीत तिथे. हे गिऱ्हाइकाला सांगताना फार जपून सांगावं लागतं. "तुम्ही चुकीचा पत्ता दिलात" असं लिहिलं की संपलं. मी नुसता ऑर्डरवरचा पत्ता जसाच्या तसा कॉपी करून पाठवते आणि विचारते, हाच ना? पुढचा मेसेज यायला बराच वेळ लागला की समजायचं.

नुकसान कोणाचं, हा प्रश्न मला सुरुवातीला फार सोपा वाटायचा. मी पाठवलं, पावती आहे, माझं काम संपलं. माझी गिऱ्हाइकं वेगवेगळ्या देशांतली, त्यामुळे एकदा बसून वाचलं तेव्हा कळलं की हे इतकं सरळ नाहीये. युरोपियन युनियनच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात कलम २० आहे, आणि ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात कलम २९, दोन्हींचं म्हणणं साधारण एकच की वस्तू प्रत्यक्ष गिऱ्हाइकाच्या, किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या ताब्यात जाईपर्यंत जोखीम विक्रेत्याची. गिऱ्हाइकाने स्वतःच कुरियर ठरवला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे कुरियरने हरवलं तर गिऱ्हाइकाने कुरियरच्या मागे लागायचं नाही, ते माझं काम. उलट अमेरिकेतल्या युनिफॉर्म कमर्शियल कोड या व्यापारी कायद्याचं कलम २-५०९ बघितलं तर विक्रेत्याने ठरावीक ठिकाणी पोचवून द्यायची हमी घेतली नसेल तर माल कुरियरच्या हातात दिला की जोखीम घेणाऱ्याची. दोन व्यापाऱ्यांमधल्या आंतरराष्ट्रीय विक्रीसाठी १९८० चा व्हिएन्ना करार आहे, त्यातही माल पहिल्या वाहतूकदाराकडे गेला की जोखीम सरकते, पण तो करार घरगुती वापरासाठी घेतलेल्या वस्तूंना लागूच नाही. म्हणजे तीच निळी डायरी एका देशात जाताना वाटेत हरवली तर माझी हरवते आणि दुसऱ्या देशात जाताना हरवली तर कागदोपत्री तरी त्यांची.

कागदोपत्रीच. कारण प्रत्यक्षात तिथवर कुणी जातच नाही. कायद्याच्या आधी प्लॅटफॉर्म, म्हणजे ज्या साइटवरून विकतो ती, मधे येतो आणि प्लॅटफॉर्मच्याही वरून कार्ड कंपनी. अमेरिकेत १९७४ साली फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट आला, त्यात क्रेडिट कार्डावर बिल लागलं पण वस्तू आलीच नाही तर ती बिलातली चूक धरून हरकत घ्यायचा हक्क मिळाला, आणि तीच चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत ओढून घ्यायची, पद्धत पुढे कार्ड कंपन्यांच्या नियमांमधून सगळीकडे पसरली. आज व्हिसा या कार्ड कंपनीच्या यादीत वस्तू न मिळाल्याच्या तक्रारीला स्वतंत्र क्रमांक आहे, १३.१. पेपल या ऑनलाइन पैसे भरायच्या सेवेवर पैसे भरल्यापासून १८० दिवसांपर्यंत तक्रार टाकता येते. १८० दिवस! तोवर मी त्या पार्सलचं लेबल, फोटो, सगळं विसरून गेलेली असते. एकदा चार्जबॅक लागला की पैसे आधी कापले जातात, मग आपल्याला पुरावा मागतात, आणि वर त्या केसची फी वेगळी, ती तर जिंकलात तरी बऱ्याच ठिकाणी परत मिळत नाही. पुरावा कसला, तर डिलिव्हर्ड स्कॅन, गिऱ्हाइकाच्या पत्त्यावरचा. ऑर्डर ७५० डॉलरच्या वर असेल तर पेपल आणि ईबे ही विक्रीची साइट, दोघंही सहीचा पुरावा मागतात, नुसता स्कॅन चालत नाही. माझी एवढी महाग डायरी कोण घेणार म्हणा.

सांगायचं काय, तर या सगळ्या यंत्रणेत पार्सल खरंच पोचलं का हे कुणीच विचारत नाही. स्कॅन आहे, विक्रेता जिंकला. स्कॅन नाही, गिऱ्हाईक जिंकलं. त्या बाईंना हे नियम माहीत नसणार, पण त्यांनी ते अचूक ओळखलं होतं. हिरवी टिक दिसली आणि त्या गप्प बसल्या.

बरं, खोटं बोलणारे नसतात असं अजिबात नाही. असतात, आणि त्यातले काही फार सराईत असतात. "डबा रिकामा आला" हा एक प्रकार. म्हणून मी प्रत्येक पार्सल बंद केल्यावर वजनकाट्यावर ठेवून फोटो काढते, काट्यावरचा आकडा आणि लेबल एका फ्रेममध्ये यायला हवं, त्यासाठी पार्सल जरा तिरकं ठेवावं लागतं. पुठ्ठ्याचे चार कोपरे, बटर पेपर, बबल रॅप, डबा, टेप असं सगळं धरून माझी मधल्या आकाराची डायरी ४१२ ग्रॅमच्या आसपास भरते, दोन-तीन ग्रॅम टेपच्या हाताप्रमाणे इकडे-तिकडे. मोठ्या कुरियरच्या हबमध्येही पार्सल मशीनवरून जाताना वजन नोंदलं जातं. त्यामुळे रिकामा डबा आला म्हणणाऱ्याला हे दोन आकडे पाठवले की काही जण एकदम मवाळ होतात. अर्थात वजनाची नोंद झाल्यानंतर वाटेत कुणी डबा फोडून पुन्हा चिकटवला असेल तर हे आकडे काहीच सांगत नाहीत, ते मी त्या मेसेजमध्ये लिहीत नाही, पण मनात असतं. याचे तर आता धंदेच झालेत. २०२३ मध्ये ॲमेझॉनने रेक नावाच्या एका टोळीवर खटला भरला, ते लोक टेलिग्रामवर उघड उघड रिफंड मिळवून द्यायची सेवा विकत होते, तुम्ही वस्तू ठेवा, पैसे आम्ही परत मिळवून देतो, त्यातला वाटा आम्हाला द्या. ॲमेझॉनकडे वकिलांची फौज आहे. माझ्याकडे टेप गन आणि वजनकाटा.

माझी एक मैत्रीण कानातली बनवून विकते, तिचा नियम एका ओळीचा, डिलिव्हर्ड म्हणजे डिलिव्हर्ड. पुढचं कुरियरला विचारा. ती खडूस नाहीये, सुरुवातीला तिने प्रत्येकाला परत पाठवलं, मग एका महिन्यात असे क्लेम आले की नफा सगळा त्यातच गेला, आणि तिने कानाला खडा लावला. तिने मला एक चाचणी सांगितली होती. क्लेम आला की विचारायचं, रिफंड देऊ का दुसरं पाठवू? ज्याला वस्तू हवी होती तो दुसरं पाठवा म्हणतो, ज्याला फुकट हवं होतं तो पैसे मागतो. ऐकायला पटतं, मी वापरूनही पाहिली. पण मग एकाने पैसे मागितले आणि कारण सांगितलं की ती डायरी मुलीच्या वाढदिवसासाठी होती, वाढदिवस होऊन गेला, आता काय करू. चाचणीत तो खोटा ठरला असता. दुसरी युक्ती म्हणजे लेखी घ्यायचं, मला पार्सल मिळालेलं नाही, कुरियरच्या चौकशीसाठी हे लिहून देत आहे, खाली सही. काही खोटे क्लेम इथे विरघळतात हे खरंय. पण खरा माणूस या कागदाने दुखावतो. एक तर त्याचं पार्सल गेलं आणि वर त्याच्याकडूनच जबानी. चोर सोडून संन्याशाला फाशी.

संशयाची सवय लागते, ते मला सगळ्यात जास्त खटकतं. एका क्लेमच्या वेळी मी नकाशात त्या गिऱ्हाइकाचा पत्ता टाकून रस्त्यावरचं चित्र उघडलं होतं, दार रस्त्याला लागून आहे का, पायऱ्या आहेत का, कुणी उचलून नेईल असं आहे का ते बघायला. मागेपुढे सरकवून झूम करून बघत होते. एक हिरव्या रंगाचा दरवाजा, रंगाचे पोपडे निघालेले, खालच्या पायरीवर मुलाची तीनचाकी. चित्र कधीचं होतं देव जाणे, तो मुलगा आता मोठाही झाला असेल. आणि मी इथे बसून परक्या माणसाच्या पायऱ्या मोजतेय एका डायरीसाठी. खिडकी बंद केली आणि रिफंड देऊन टाकला, त्या तीनचाकीकडे बघून मला काहीच कळलं नव्हतं तरी.

रिफंड देण्यात चांगुलपणा किती आणि हिशेब किती, हे मी स्वतःशी फार उकरत नाही. साधं गणित असं की कुरियरकडे चौकशी लावायची, फॉर्म भरायचे, त्यांच्या हेल्पलाइनवर ताटकळायचं, एवढ्या वेळात माझी एक डायरी शिवून होते. इन्शुरन्स काढला तरी डिलिव्हर्ड स्कॅन असेल तर कुरियर बहुतेक वेळा क्लेम फेटाळतोच, म्हणजे जिथे खरी गरज तिथे तो उपयोगाचा नाही. एत्सी या हस्तकलेच्या वस्तू विकायच्या साइटने २०२२ मध्ये विक्रेत्यांसाठी एक सोय केली, वेळेत पाठवलं असेल, ट्रॅकिंग नीट असेल, बाकीच्या अटी पाळल्या असतील तर २५० डॉलरपर्यंतच्या ऑर्डरचा रिफंड ते स्वतःच्या खिशातून देतात. छोट्या विक्रेत्याला हे मोठंच आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी गिऱ्हाइकाने तक्रार करायला लागते, आधी विक्रेत्याला कळवायचं, मग ४८ तास थांबायचं, मग केस उघडायची. जो बोलतो त्याच्यासाठी दार आहे. आणि रिव्ह्यूची तलवार तर असतेच. ईबेने २००८ पासून विक्रेत्याला गिऱ्हाइकाबद्दल वाईट शेरा द्यायचा हक्कच काढून घेतला, त्याआधी विक्रेते बदल्याच्या भीतीने गिऱ्हाइकांना गप्प बसवायचे म्हणून काढला, आणि त्यात तथ्य होतं. पण तेव्हापासून भीती एकाच बाजूला राहिली. कित्येकदा मी पैसे परत केलेत ते निव्वळ भीक नको पण कुत्रा आवर म्हणून.

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही म्हणतात ते क्लेमच्या बाबतीत अगदी शब्दशः. माझ्या हिशेबाच्या वहीत हरवलेल्या पार्सलांचं एक पान आहे, त्यात ज्यांनी भांडून पैसे घेतले त्यांची नावं आहेत, ज्यांच्यावर माझा संशय होता त्यांच्या पुढे बारीक फुली आहे. त्या बाई त्या पानावर नव्हत्याच. अशा किती असतील? हे मला कळायला काही मार्ग नाही, कारण माझ्याकडे त्यांच्या ऑर्डरपुढे सगळीकडे डिलिव्हर्ड लिहिलेलं आहे आणि त्या ओळी मी मोठ्या अभिमानाने हिरव्या केलेल्या आहेत. बाईंना मी दोन डायऱ्या पाठवल्या, त्यांनी एकीचेच पैसे भरलेले होते, आणि त्यांनी पोचल्याचा फोटोही पाठवला, न मागता. तो फोटो बघून बरं वाटण्याऐवजी मला कानकोंडंच झालं. पुरावा द्यायला हवा असं त्यांना अजूनही वाटत होतं.

त्यानंतर मी एक मेसेज ठरवून टाकला. ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड दिसल्यावर दोन-तीन दिवसांनी जातो. "तुमची डायरी पोचली असं कुरियर म्हणतोय. खरंच हातात आली का? आली नसेल तर बिनधास्त सांगा, आपण बघू." यातलं "कुरियर म्हणतोय" मुद्दाम आहे, म्हणजे समोरच्याला कळावं की मी त्या हिरव्या टिकेच्या बाजूने उभी नाहीये. बहुतेक जण अंगठा दाखवतात, काही जण डायरीचा फोटो टाकतात, कुणी पहिल्या पानावर काय लिहिलं ते पाठवतं, तेव्हा छान वाटतं. आणि काही जण म्हणतात, नाही हो, नाही आली.

मैत्रिणीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, तू लोकांना आयती कल्पना देतेयस. तिचं चुकीचं नाहीये, क्लेम वाढलेत. जे येतात त्यातले काही त्या बाईंसारखे असतील, एरवी गप्प बसले असते असे, आणि काही माझा मेसेज वाचून ज्यांच्या डोक्यात आलं असे, आणि दोन्हींचा मेसेज हुबेहूब सारखा येतो. पहिल्यांदा सांगणाऱ्याला मी आता काही न विचारता दुसरी डायरी पाठवते, पैसे हवे असतील तर पैसे. त्याच माणसाचं दुसऱ्यांदा तसंच झालं तर पुढच्या वेळी सही घेऊनच देणाऱ्या कुरियरने पाठवीन असं सांगते, त्याचा जादा खर्च माझा. काही जण त्यावर आनंदाने हो म्हणतात. काही जण परत ऑर्डरच देत नाहीत. डायरीची किंमत थोडी वाढवावी लागली, तेवढं या पानासाठी धरून. मैत्रीण विचारते, म्हणजे बाकीच्या गिऱ्हाइकांकडून वसूल करतेस ना? हो, करतेय. दुकान चालवायचं तर कुणाकडून तरी करावंच लागतं, आणि वर्षअखेरीला पुन्हा हिशेब बघून तो मेसेज ठेवायचा का काढायचा ते ठरवणार आहे.